कोणी मेलं नाही, सिस्टर धावणार आहेत

सिस्टर धावत नसत. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्या एकदाही धावल्या नाहीत आणि हे त्या छाती पुढे काढून सांगत.

"गावात नर्स धावली का लोकं समजतात कोनीतरी मेलं," त्या म्हणायच्या. "म्हनून मी भरभर चालली, पन धावली नाही. बाई अडलेली असो का साप चावलेला असो. मी धावली असती त घरच्यायचे हातपाय तिथंच गळाले असते."

त्यामुळे आम्ही ज्यांच्यासोबत हिमालयात जाणार होतो त्या ट्रेकवाल्या कंपनीचा मेल मी त्यांना वाचून दाखवला तेव्हा त्यांनी तो मला पुन्हा वाचायला लावला. पंचावन्नच्या वरच्या माणसाने पाच किलोमीटर चाळीस मिनिटांत धावून दाखवायचे, फोनमधल्या अॅपवर त्याची नोंद करायची आणि ती ऑगस्ट संपायच्या आत पाठवायची. नाही पाठवली तर नाव रद्द. सिस्टरचं वय साठ.

"धावूनच का? चालून नाही चालत?"

"चाळीस मिनिटांत चालून होत नाही, सिस्टर."

"हूं," म्हणाल्या. "पाहू."

त्यांचं नाव यमुना कापगते. दवनीवाड्याच्या बाजूची चार-पाच गावं त्यांच्याकडे होती. उपकेंद्राच्या नर्स म्हणून तिथे आल्या, तिथेच निवृत्त झाल्या, आणि मग गोंदियाला लागून असलेल्या कुडव्यात माझ्या दुकानामागच्या गल्लीत राहायला आल्या. माझं पाण्याच्या मोटारींचं दुकान आहे, विक्री आणि दुरुस्ती. त्यांची मोटार घूं घूं करायची पण फिरत नव्हती. मी म्हटलं, कॅपॅसिटर गेलाय, बदलावा लागेल. त्या म्हणाल्या, "बदल. पन जुना मले दाखव." दाखवला. तो फुगलेला होता. तो त्यांनी हातात घेऊन उलटासुलटा पाहिला, परत दिला, आणि तेव्हापासून त्या माझ्या दुकानात बसू लागल्या.

बसायच्या म्हणजे फोनवर बोलायच्या. निवृत्त होऊन दीड वर्ष झालं होतं, नवी नर्स रुजू झाली होती, तरी गावं सिस्टरनाच फोन करत. लेकराला ताप, सुनेचे दिवस भरले, म्हाताऱ्याने गोळी दोनदा खाल्ली. सिस्टर प्रत्येक फोन उचलत. ओरडत, शिव्या घालत, पण उचलत. त्यांच्याशी लांबचंही नातं नसलेली माणसं पहाटे पाचला त्यांना उठवत.

माझी शाळेपासूनची मैत्रीण मंदा तुरकर ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवते. पन्नाशीच्या आत हिमालय चढायचाच, असं तिने वर्गात पोरांसमोर जाहीर करून टाकलं होतं, त्यामुळे तिला आता मागे फिरता येत नव्हतं. सोबत म्हणून तिने मला ओढलं. जूनमधल्या एका दुपारी आम्ही दोघी दुकानात मोबाईलवर ट्रेक पाहत होतो. उत्तराखंडातून चढून चौदा हजार फुटांवरची खिंड ओलांडायची आणि पलीकडे हिमाचलात उतरायचं, सप्टेंबरअखेर, गाईडसोबत. सिस्टरनी त्या दिवसातला सातवा फोन ठेवला आणि विचारलं,

"तिथं फोन लागते का?"

"नाही सिस्टर. शेवटच्या गावानंतर पाच दिवस नेटवर्कच नाही," मंदा म्हणाली.

"एकदमच नाही?"

"एकदम."

"त माह्यं नाव टाक."

आम्हाला थट्टा वाटली. सिस्टर म्हणाल्या, "हसून कायले राहिल्या? मले अशा जागी जाचं हाय जिथं मले कोनी बोलावू शकत नाही. पाच दिवस. मंग आली का पुन्हा बोलवा म्हनाव."

त्यांना त्या डोंगरातून एवढंच हवं होतं. फुलं, बर्फ, सूर्योदय हे सगळं मंदाचं.

आता गोंदियात डोंगराची तयारी कशी करायची हा प्रश्न होता. आमच्याकडे जमीन ताटासारखी. चढ म्हटला तर रेल्वेचा पूल आणि तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध. मंदाने इंटरनेटवरून एक वेळापत्रक काढलं, त्यात 'जवळच्या टेकडीवर' असं लिहिलेलं होतं. सिस्टरनी ते घडी करून पर्समध्ये ठेवलं आणि पुन्हा कधी काढलं नाही. तयारी त्यांनी हातात घेतली. कोणी दिली नव्हती; त्या घेत असत.

त्या मूळच्या अर्जुनीकडच्या, तलाव बांधणाऱ्या घराण्यातल्या. त्यांचे वडील पावसाळ्यात रोज खांद्यावर फावडं टाकून तलावाच्या पाळीवरून फिरत, कुठे पाणी झिरपतंय का ते पाहत. सिस्टर लहानपणी त्यांच्या मागे. त्यांची चाल तिथली होती. आधी टाच टेकायची, जमीन कशी आहे ते कळलं की मग वजन टाकायचं. वेग एकच, आणि थांबायचं नाही. पहिल्या आठवड्यात त्यांनी आम्हाला गावाबाहेरच्या तलावाच्या पाळीवर नेलं. मी आणि मंदा शंभर पावलं पुढे जायचो, धापा टाकत उभ्या राहायचो, तोवर सिस्टर मागून येऊन पुढे निघून जायच्या. तासाभराने त्या कुठल्या कुठे.

"तुम्ही दोघी मोटार चालू-बंद करून राहिल्या," त्या मला म्हणाल्या. "तूच सांगते ना गिऱ्हाइकाले, असं केलं का मोटार जळते?"

मी सांगते. रोज सांगते.

पुढच्या आठवड्यात पाठीवर वजन आलं. प्रत्येकीने पिशवीत दहा किलो तांदूळ भरून आणायचा. पाळीच्या सुरुवातीला एक कडुनिंब आहे. सिस्टरनी त्याच्या फांदीला काटा टांगला, लहान बाळांचं वजन करायचा, घड्याळासारखा गोल. नोकरी संपताना सरकारी काटा त्यांनी परत केला आणि तसाच एक स्वतःसाठी विकत घेतला. का, ते विचारलं तर म्हणायच्या, "हाताले सवय हाय." माझी पिशवी लटकली. दहा. मग मंदाची. मंदाची पिशवी गोल गरगरीत दिसत होती.

सिस्टरनी चष्मा वर करून काट्याकडे पाहिलं. "सव्वा सहा. कुपोषित हाय."

"सिस्टर, सुरुवात आहे म्हणून..."

"तोंड उघड तिचं." म्हणजे पिशवीचं. आत तांदळाच्या वर उशी. सिस्टरनी उशी बाहेर काढली आणि मंदाच्या हातात दिली. "लेकराले जाड दाखवाले आंगडी-टोपडी घालून आनत मायबाया. मले वाटलं, कॉलेजात शिकवनारीले तरी समजत असन." नंतर ती उशी मंदाला तलावाला पूर्ण फेरी होईपर्यंत काखेत घेऊन चालावी लागली. फिरायला आलेली दोन माणसं वळून वळून पाहत होती.

खोटा आकडा सिस्टरना सहन होत नसे. गावातल्या अर्ध्या भांडणांचं मूळ त्यांच्या मते कोणीतरी अंदाजाने लिहिलेल्या आकड्यात होतं.

जुलैत रोवणे, म्हणजे भातलावणी, सुरू झाली. मंदा म्हणाली, बर्फात चालायची सवय कशी करायची? सिस्टर आम्हाला एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधीत, पाणी साचवलेल्या धानाच्या शेतात, घेऊन गेल्या. चिखल पोटरीपर्यंत. पायात जड बूट, पाठीवर तांदूळ, आणि शेताच्या कडेच्या एका धुऱ्यापासून दुसऱ्या धुऱ्यापर्यंत जायचं, यायचं. शेजारच्या बांधीत बाया वाकून धान रोवत होत्या. त्यांनी कमरेवर हात ठेवून आमच्याकडे पाहिलं.

"सिस्टर, या बाया कायले तुडवून राहिल्या व?"

"हिमालयात जाऊन राहिल्या."

"इकडूनच?"

आणि सगळ्या हसल्या. एक म्हणाली, "पैसे देऊन चिखल तुडवतेत. आमाले सांगा ना, आमी फुकट शिकवतो." तिने खरंच शिकवलं. पाय सरळ वर ओढला की चिखल बूट धरून ठेवतो; टाच आधी तिरपी करून सोडवायची आणि मग पाय उचलायचा. मंदाचा एक बूट दोनदा आतच राहिला. माझा एकदाही नाही, हे इथे नोंदवून ठेवते.

पण धावणं राहिलंच होतं. सिस्टर दिवसभर चालू शकत, दहा किलो घेऊन, न थांबता. धावायची वेळ आली की त्यांचे खांदे कानापर्यंत वर जात आणि त्या इकडेतिकडे पाहत, चोरी केल्यासारख्या. पहिल्या दिवशी गोंदियाच्या मैदानावर त्यांना पाच किलोमीटरला पन्नास मिनिटं लागली. दुसऱ्या आठवड्यात सत्तेचाळीस. मैदानावर गोल गोल फिरणं त्यांना आवडेना. "जाऊन कुठंच नाही राहिलो," म्हणाल्या. "समोर गाव दिसलं पायजे." मग त्यांनी आपला जुना रस्ता निवडला, दवनीवाड्याकडे जाणारा. पंचवीस वर्षं सायकलने आणि पुढे स्कुटीने केलेला.

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी सकाळी सहाला त्या तिथून निघाल्या. मी स्कुटीवर मागे, फोन त्यांच्या कमरेला. दोन्ही बाजूंना धान, रस्ता मोकळा, हवा बरी. पहिला किलोमीटर साडेसात मिनिटांत. मी मनातल्या मनात हिशेब मांडला, जमतंय.

तेवढ्यात एका घरातून बाई बाहेर आली. तिने धावणाऱ्या सिस्टरना पाहिलं, हातातली बादली खाली ठेवली आणि आत वळून ओरडली, "अहो, सिस्टर धावून राहिल्या!" पुढच्या घरातून दोघं निघाले. चौकातला चहावाला टपरी सोडून रस्त्यात आला. "कोन गेलं, सिस्टर?" सिस्टर हाताने नाही नाही करत पुढे. त्यांना बोलायला श्वास नव्हता, आणि न बोलणाऱ्या सिस्टर गावाने कधी पाहिल्याच नव्हत्या. मागून मोटारसायकलचा आवाज आला. टेकराम नावाचा माणूस, लुंगीवरच, गाडी आडवी घालून उभा.

"बसा सिस्टर. कोनाच्या घरी?"

"को... कोनाच्याच नाही..."

"बसा ना वो! वेळ कायले घालवता?"

त्याने सिस्टरना दंडाला धरून मागे बसवलं आणि गाडी सोडली. अॅपवर उरलेले साडेतीन किलोमीटर पाच मिनिटांत झाले. मी मागे पोहोचले तेव्हा गावाच्या मध्यभागी तीसेक माणसं जमली होती आणि कोण मेलं यावर तीन मतं होती. एक बाई तर रडत होती. तिला वाटलं, तिची जाऊ गेली.

सिस्टर ओट्यावर बसून पाणी पीत होत्या. श्वास आल्यावर पहिलं वाक्य, "टेकराम, गाढवा, माहं टायमिंग खराब केलं." 

तो ट्रेक, ती अट, सगळं समजावून सांगितल्यावर टेकराम म्हणाला, "त झालं ना! मशीनमधी वेळ कमी आली हाय. तेच पाठवून द्या." आजूबाजूच्या सगळ्यांना ते पटलं. खरं सांगते, मलाही क्षणभर पटलं.

सिस्टरनी तिथेच बसून ती नोंद पुसली.

मंदाने हे ऐकून काही धडा घेतला असेल असं मला वाटलं होतं. तिचं वय कमी, तिच्यावर अट नव्हती, पण कंपनीने सर्वांनाच नोंद पाठवायला सुचवलं होतं. तिने पाठवली. पस्तीस मिनिटं. दुकानात येऊन फोन दाखवू लागली. सिस्टरनी चष्मा लावून पाहिलं.

"प्रत्येक किलोमीटर सात मिनिटाचा? एक सेकंद इकडं तिकडं नाही?"

"एकसारखा वेग ठेवला, सिस्टर."

"पेट्रोल किती लागलं?"

मंदा लाल झाली. कुडव्याच्या रस्त्यावर भर दुपारी स्कुटी हळूहळू चालवायला तिला धावण्यापेक्षा जास्त कष्ट पडले असणार. सिस्टर ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मंदा, कंपनीच्या पोरीले फसवता येते. पन वर हवा कमी हाय, तिनं तुही नोंद वाचली नसन." मंदाने दुसऱ्या दिवशी खरं धावून बेचाळीस मिनिटांची नोंद पाठवली, सोबत माफीचं पत्र. कंपनीच्या मुलीने हसरा चेहरा पाठवून ठीक आहे म्हटलं. मंदाचं जमलं.

सिस्टरचं जमत नव्हतं. त्रेचाळीसवर अडल्या होत्या आणि ऑगस्टचे दहा दिवस उरले. मैदानावर वेग चढेना, आणि रस्त्यावर गाव सोडेना. मी म्हटलं, दुसऱ्या एखाद्या रस्त्यावर धावा, तिरोड्याकडे, जिथे कोणी ओळखत नाही. म्हणाल्या, "मले न ओळखनारा रस्ता सापडला असता त मी हिमालयात कायले चालली असती?"

मग त्यांनी स्वतःच उपाय काढला. ग्रामपंचायतीच्या छतावर भोंगा आहे. पाणी कधी सुटणार, लसीकरण कधी, हे त्यावरून सांगतात. कित्येक वर्षं त्यातले निम्मे निरोप सिस्टरचेच असत. शनिवारी संध्याकाळी तो भोंगा बोलला. मी तिथे होते, शब्द आठवतात.

"गावकऱ्यायले सूचना. उद्या सकाळी सहा वाजता सिस्टर रस्त्यानं धावनार हायेत. कोनी मेलं नाही. कोनाची डिलिव्हरी नाही. सिस्टरले कोनी थांबवू नये, गाडीवर बसवू नये, तब्येत विचारू नये. टेकरामनं विशेष लक्ष द्यावं."

रविवारी सकाळी रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसं उभी होती. बोलायचं नाही म्हणून कित्येकांनी तोंडावर हात ठेवलेला. टेकरामने गाडीची चावी बायकोकडे दिली होती, आणि ती चावी वर धरून सिस्टरना दाखवत होती. एक म्हातारी काठी टेकत दारात आलेली. तिच्या घरातली तिन्ही नातवंडं सिस्टरच्या हातावर जन्मली होती. ती न राहवून म्हणाली, "हळू माय, पडशीन," आणि चौघींनी तिला गप्प केलं.

सिस्टरचे खांदे त्या दिवशी खाली होते. इकडेतिकडे पाहिलं नाही. चौथ्या किलोमीटरला पाय घसटू लागले, चेहरा काळवंडला. मी स्कुटी जवळ घेतली आणि वेळ सांगितली. "बोलू नको," एवढंच मिळालं. शाळेच्या फाटकापाशी पाच किलोमीटर पुरे झाले. एकोणचाळीस मिनिटं वीस सेकंद. सिस्टरनी कमरेचा फोन काढला, आकडा स्वतः वाचला, पुन्हा वाचला. मग वळून गावाला म्हणाल्या, "आता विचारा काय विचाराचं ते." अर्धा तास त्यांना तिथून निघता आलं नाही. चार जणांनी बीपी मोजून घेतलं.

सप्टेंबरात आम्ही गेलो. शेवटच्या गावात फोनची एक रेघ उरली होती, तीही पुढच्या वळणावर गेली. सिस्टरनी फोन बंद केला, रुमालात गुंडाळला आणि पिशवीच्या तळाशी घातला. गाईड प्रेमसिंग पहिल्या दोन दिवसांतच त्यांना 'माताजी' सोडून 'सिस्टर' म्हणू लागला. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. चढावर पंधरा जणांच्या रांगेत तरुण पोरं पुढे पळत आणि थांबत, पळत आणि थांबत. सिस्टर त्याच वेगाने. संध्याकाळी तंबूपाशी पहिल्या तिघांत त्याच असत.

खिंडीच्या आदल्या मुक्कामावर माझं डोकं दुखू लागलं. पहाटे उजाडताना निघायचं होतं. निघायच्या वेळी बोटाला यंत्र लावलं तर ऑक्सिजन बराच उतरलेला. मी म्हटलं, ठीक आहे, थोडं थकले आहे. मोटारीला मी जसं तपासते तसं सिस्टरनी मला तपासलं. तंबूच्या दोरीला समांतर चालायला लावलं, एका पावलाच्या टाचेला दुसऱ्याचा अंगठा टेकवून. चौथ्या पावलाला तोल जाऊन मी दोरीवर गेले.

"संध्या, तू खाली चालली."

"थोडं थांबून बघू."

"थांबून काय पाहाचं हाय? अजून उलटी व्हायची वाट पाहाची?" त्या प्रेमसिंगकडे वळल्या. "इसको अभी नीचे ले जाओ. अभी."

प्रेमसिंगसोबत दुसरा गाईड होता. तो बाकीच्यांना नेणार होता. मंदाचा चेहरा पडला. पुढे जावं की माझ्यासोबत यावं हे तिला ठरवता येईना. मी मात्र गृहीत धरलं होतं की सिस्टर माझ्यासोबत उतरतील. ज्या बाईने आयुष्यभर एकही फोन सोडला नाही ती मला कशी सोडेल? मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना कळलं.

"मी येत नाही," त्या म्हणाल्या. "प्रेमसिंग नेईल, त्याले येते ते काम. हजार फूट उतरली का तुले बरं वाटन, दुपारी जेवशीन. मले तिकडं जाचं हाय."

माझ्या टोपीची नाडी त्यांनी हनुवटीखाली घट्ट बांधली, मंदाला "चल" म्हटलं, आणि पिशवी पाठीवर घेतली. मला वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. दहा मिनिटं वाटलं. नंतर उतारावर लक्ष द्यावं लागलं. आणि खरं तर मी त्यांच्या जागी असते तर मीही गेले असते.

सिस्टरची आणि माझी ती शेवटची भेट. खिंडीपलीकडून त्या हिमाचलात उतरल्या, मंदा परत आली आणि त्या चंदीगडला लेकीकडे गेल्या. लेकीला दिवस होते, मग बाळ झालं, मग तिथेच राहिल्या. कुडव्याचं घर विकलं. आमचं फोनवर बोलणं होतं.

त्या पहाटे उतरायला लागल्यावर तासाभराने मी आणि प्रेमसिंग समोरच्या डोंगरधारेच्या वळणावर आलो. डोकं हलकं होत होतं. तिथून खिंडीचा सगळा उतार उघडा दिसतो. पांढऱ्यावर ठिपक्यांची रांग. पुढून तिसरा ठिपका जांभळा, सिस्टरचा रेनकोट. मागचे ठिपके थांबत होते, एकमेकांना चिकटत होते, पुन्हा सुटत होते. जांभळा एका वेगाने वर जात होता.

प्रेमसिंगने तोंडाशी हात नेला. "हवा उधर की है. आवाज़ दूँ? सुन लेंगी."

"नको," मी म्हटलं. "राहू द्या."

माथ्यावर पोहोचल्यावर पुढचे दोघे फोटोसाठी थांबले. जांभळा ठिपका त्यांच्या बाजूने निघाला, क्षणभर आकाशाला टेकलेला दिसला, आणि पलीकडे उतरला.